‘वगैरे’ म्हणायचं नाही

बातमी आली तेव्हा मी मोठ्याने वाचत होते. अकरावीचं अर्थशास्त्र, बाजारपेठेचे प्रकार. नाशिकरोडला जेल रोडच्या आतल्या एका गल्लीत पिठाची गिरणी आहे आणि तिच्यावर आमची एक खोली. दृष्टी नसलेल्या मुलांसाठी आम्ही काही बायका तिथे पाठ्यपुस्तकं वाचतो, ती संगणकात भरून ठेवतो आणि मुलांना पाठवतो. गिरणी दुपारी जेवणाच्या वेळेला बंद असते, म्हणून आमचं वाचनही दुपारचंच. माइक चालू होता, पान निम्म्यावर आलं होतं आणि पर्समधला मोबाइल वाजला. एरवी मी तो बंद करून बसते, त्या दिवशी कसा कोण जाणे राहिला. मनमाडहून भाऊंचा भाचा बोलत होता. भाऊ थोड्या दिवसांसाठी बहिणीकडे गेले होते. सकाळचा चहा झाला, वर्तमानपत्र वाचून घेतलं, मग जरा पडतो म्हणाले आणि उठलेच नाहीत... “मावशी, मामा गेला,” एवढंच तो म्हणाला. मी खुर्ची सरकवून खिडकीपाशी गेले. पुढे काय बोलले ते मला आठवत नाही, पण ते सगळं संगणकात आहे. माझं अर्धं वाक्य, फोनची घंटा, खुर्चीचा आवाज, मग बराच वेळ नुसती खोली, आणि शेवटी खाली गिरणी सुरू झाल्याची घरघर. ती फाइल मी पुसलेली नाही. भाऊ असते तर म्हणाले असते, राहू दे, पण तिला नाव नीट दे.

त्याला आता महिना होऊन गेला. या पुरवणीतून भाऊंवर लिहा असं सांगणं आलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले होते, कारण भाऊंनी केलेलं काम नेमकं काय होतं हे मला चारचौघांत कधीच धड सांगता आलेलं नाही. संगणकाच्या डिस्क दुरुस्त करायचे म्हणावं, तर ते खरं नाही. डिस्क दुरुस्त होत नाही. डिस्क तक्रार करते, आणि ती तक्रार कशाची आहे हे भाऊंना कळायचं. मी मराठीची मास्तरीण. आयुष्यभर मुलांना उताऱ्याचा सारांश लिहायला शिकवलं. सारांशाचा मनापासून तिटकारा असलेला हा एकच माणूस मला भेटला, आणि त्याच्यापुढे मी बसले ती नेमकी वाचायलाच.

प्रभाकर हे त्यांचं नाव, पण गल्लीत सगळे भाऊच म्हणत. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात ते नियंत्रण कक्षात होते. नव्वदच्या आसपास, पस्तिशी ओलांडता ओलांडता, त्यांची नजर कडेकडून जायला लागली. आधी संध्याकाळचं दिसेना, मग कडेचं दिसेना, मग समोरचं उरलं तेही वर्षभरात गेलं. डोळ्यांच्या पडद्याचा आजार, त्याला उपाय नव्हता. नोकरी लगेच सुटली नाही. काही दिवस ते सहकाऱ्याला शेजारी बसवून काम करत. तिथली एक गोष्ट ते नेहमी सांगायचे. वीजनिर्मितीचा संच अचानक बंद पडला की समोरच्या फलकावरचे दिवे एकदम लागतात, भोंगे वाजायला लागतात, सगळी यंत्रं एकाच वेळी ओरडतात. नवा माणूस गांगरतो. जुना माणूस विचारतो, पहिला कोण ओरडला? तो सापडला की रोग सापडला, बाकीचे नुसते घाबरून ओरडत असतात. भाऊंना ते दिवे दिसेनासे झाले तरी शेजारच्याने क्रमाने वाचून दाखवले की ते बसल्या जागी सांगत, अमुक पंपाकडे बघा. पुढे त्यांनी आपणहूनच नोकरी सोडली. त्याबद्दल ते एकदाही रडगाणं गायल्याचं मी ऐकलं नाही. चिडायचे ते चहात साखर जास्त झाली की.

त्यांच्या बायकोमुळे मी त्या घरात गेले. शैलाताई माझ्याच शाळेत भूगोल शिकवायच्या, माझ्याहून मोठ्या, आवाज स्वच्छ आणि जरा हुकमी. वर्गात त्यांनी ‘मृदा’ म्हटलं की शेवटच्या बाकावरचा मुलगाही सरळ बसायचा. नवऱ्याला वाचून दाखवता दाखवता त्यांच्या मनात आलं की अशी कितीतरी मुलं असतील, त्यांना कोण वाचून दाखवतं? गिरणीचे मालक पोपटराव, मूळचे मखमलाबादकडच्या भाजीवाल्या शेतकरी घरातले. त्यांनी वरची खोली दिली. टेपरेकॉर्डर आला, कोऱ्या कॅसेट आल्या, आणि शैलाताईंनी पहिल्या दिवशी पहिलं पुस्तक वाचलं ते अर्थात दहावीच्या भूगोलाचं. खाली पोपटराव गिरणी थांबवून पोत्यावर आडवे व्हायचे आणि वरून येणारं सगळं ऐकायचे. शाळा त्यांची चौथीपर्यंतच झालेली. पण भेटलं की म्हणायचे, “मॅडम, आपल्याला तापीचं खोरं पाठ झालंय. पुढचा धडा कधी लावता?”

नव्वदचं दशक संपता संपता भाऊंकडे संगणक आला, आणि त्याला जोडलेली एक बोलणारी पेटी. पडद्यावर आलेली अक्षरं ती इंग्रजीत, नाकातून बोलल्यासारखी म्हणून दाखवायची. सगळं जग तेव्हा माउस धरून चित्रांवर टिचक्या मारत होतं. भाऊंना त्या चित्रांचा काडीचा उपयोग नव्हता. ते काळ्या पडद्याचे. एक ओळ टाइप करायची, उत्तर ओळींतच यायचं, ती ओळ कानांनी ऐकायची आणि पुढची टाइप करायची. मला आधी वाटायचं की दिसत नाही म्हणून बिचारे जुन्या पद्धतीवर अडकलेत. नंतर कळलं की आम्ही चित्रं बघणारेच दाराबाहेर उभे होतो आणि ते आत जाऊन यंत्राशी बोलत होते. एकच अडचण होती. संगणक आजारी पडला की त्याचा आवाज आधी जातो. बोलणारी पेटी चालू व्हायला आतलं सगळं धड लागतं. तेव्हा मग माणूस लागायचा, पडद्यावरचं जसंच्या तसं वाचणारा. शैलाताईंना ते जमायचं नाही, त्या वाचता वाचता यंत्राला रागवायच्या. म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

दोन हजार सालानंतर केव्हातरी आमची खोली कॅसेटवरून संगणकावर गेली. एका देणगीतून मोठी डिस्क घेतली, एकशेसाठ जीबीची. तेव्हा तो आकडा ऐकूनच दडपायला व्हायचं. वर्षभर राबून आम्ही एकेक कॅसेट त्यात उतरवली. आवाज दाबून बारीक करू नका, आहे तसा ठेवा, जागा आहे, असा भाऊंचा आग्रह होता, तो आम्ही पाळला. आणि मग आमच्यासारख्या काटकसरी बायकाच करतील अशी गोष्ट केली. उतरवून झालेल्या कॅसेट मोकळ्याच आहेत म्हणून त्यांच्यावर नवी पुस्तकं भरून गावोगावच्या मुलांना पाठवून दिली. रिकामा डबा आणि रिकामी कॅसेट आमच्या घरांतून कधी बाहेर गेलेली नाही. भाऊंना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, म्हणजे सगळं आता एकाच ठिकाणी आहे. दुसरी डिस्क घ्या, आजच्या आज घ्या. आम्ही म्हटलं, पुढच्या वर्षी बघू.

त्याच वर्षी दसरा-दिवाळीनंतर ध्वनिमुद्रित आवाज अडखळायला लागले. शैलाताईंचं ‘सह्याद्री’ चार तुकड्यांत यायचं. संगणकाच्या दुकानातले गृहस्थ येऊन गेले. त्यांनी एक तपासणी चालवली, पडद्यावर लाल अक्षरात काहीतरी आलं, आणि वाचनातल्या चुका अशा नावापुढे एक लांबच लांब आकडा, कोटींच्या घरातला. ते म्हणाले, मॅडम, डिस्क संपली. नवी घ्या, यातलं काही मिळेल असं वाटत नाही. खोलीत आम्ही पाचसहा जणी होतो. परीक्षा हिवाळ्यापलीकडे उभी, मुलं पुस्तकांची वाट बघतायत आणि कॅसेट तर आम्हीच पुसलेल्या. शैलाताई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ जिना चढून आले, खिशात त्यांची एक सीडी घेऊन. त्या सीडीवरून संगणक सुरू केला की डिस्कला न दुखवता तिची चौकशी करता यायची. आधी त्यांनी संगणकाच्या डब्याला कान लावला. मग की-बोर्डवर बोटं ठेवून एक ओळ टाइप केली, एकही अक्षर न चुकता, आणि म्हणाले, रेखा, वाच. मी वाचायला लागले. एचडीए, कोलन, डीएमए, खालची रेघ, इंटर... एरर, शून्य, एक्स, आणि पुढे महिरपी कंसात काहीतरी. दुसरी ओळ तशीच. तिसरी तशीच. मी म्हटलं, पुढे सगळं तेच आहे भाऊ, एरर वगैरे.

“वगैरेत काय आहे?”

“काही नाही, तेच की.”

“रेखा, वगैरे म्हणायचं नाही. यंत्र वगैरे म्हणत नाही. त्याने जेवढं लिहिलंय तेवढं सगळं वाच, शेवटच्या कंसापर्यंत.”

मी वाचलं. शेवटच्या कंसात लिहिलं होतं, बॅड सीआरसी. भाऊंचा चेहरा एकदम सैल झाला. त्यांनी आम्हाला सांगितलं, तेव्हाच सांगितलं, आणि इतकं सोपं करून की मला आजही तसंच आठवतं. डिस्क निरोप पाठवते तेव्हा त्यासोबत एक खूण पाठवते. निरोप पोहोचल्यावर खूण जुळली नाही तर वाटेत काहीतरी फाटलं. म्हणजे सांगणाऱ्याचं चुकलेलं नाही, निरोप्याचं चुकलंय. कंसात जर दुसरा शब्द असता, अनकरेक्टेबल, तर मात्र डिस्कलाच आपलं लिहिलेलं वाचता येत नाहीये असा अर्थ झाला असता. त्या दोन ओळींत बाकी फरक जवळजवळ काही नसतो, सगळा जीव त्या शेवटच्या शब्दात असतो. मी तोच शब्द वगैरेत घालून मोकळी होत होते.

मग त्यांनी डिस्कच्या तब्येतीचा अहवाल मागवला. मला तोवर ठाऊकच नव्हतं की डिस्क स्वतःची नोंद स्वतः ठेवते. किती तास चालली, किती वेळा बंद झाली, किती तापली, कुठे अडली, सगळं. तळहाताएवढं यंत्र, आणि कोणी विचारो न विचारो आपल्या तब्येतीचं खरं खरं लिहून ठेवतं, याचं मला त्या दुपारी इतकं नवल वाटलं की माझा आवाज वाचता वाचता हलला. तो कोटींचा आकडा आला. भाऊ म्हणाले, पुढे चल, तो आजाराचा आकडा नाही. या बनावटीच्या डिस्क त्या जागी किती वाचलं याचाही हिशोब घालून ठेवतात, तो मेहनतीचा आकडा आहे. दुकानदाराने आकडा बरोबर वाचला, अर्थ तेवढा चुकला, असंही ते म्हणाले, आणि त्यात टोमणा नव्हता. आता खराब म्हणून बदललेल्या जागा सांग. शून्य. अडून राहिलेल्या जागा? शून्य. वाटेत फाटलेले निरोप? तिथे मात्र एक छोटासा आकडा होता. मग त्यांनी शेवटच्या तक्रारी वाचायला लावल्या. प्रत्येक तक्रारीपुढे डिस्कचं तेव्हाचं वय तासांत लिहिलेलं असतं. आजचं वय किती, तेव्हाचं किती, तुम्ही रोज किती वेळ संगणक चालू ठेवता, असं विचारत त्यांनी बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला आणि मान वर केली.

“सगळ्यात जुनी तक्रार दसऱ्याच्या सुमाराची आहे. दसऱ्याला कोणी आत हात घातला होता?”

मग कोपऱ्यातल्या स्टुलावरून त्या हुकमी आवाजाचा अगदी वेगळाच सूर आला. “अहो, मी फक्त फडकं मारलं. पूजेला ठेवायचं म्हणजे आतली धूळ नको का काढायला?”

खंडेनवमीला आमच्याकडे घरातली विळी, शिलाईयंत्र, दुकानातली मापं, सगळ्यांना हळदीकुंकू लागतं. गिरणीची पूजा पोपटराव करत आणि वर संगणकाची शैलाताई. त्या वर्षी त्यांनी संगणकाचं झाकण काढून तो आतून लख्ख पुसला होता, झेंडू वाहिला होता, आणि पुसताना डिस्कचे निरोप नेणाऱ्या आतल्या रुंद, चपट्या पट्टीचं एक टोक किंचित उचललं गेलं होतं. भाऊ हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग चाचपत आत हात घातला, पट्टीचं टोक शोधलं आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. टक असा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. एवढ्याने लगेच भागलं नाही. वारंवार फाटके निरोप आले की संगणक डिस्कवरचा विश्वास कमी करतो आणि तिच्याकडून थोडं थोडंच घेतो, म्हणून आवाज अडखळत होता. त्याला पुन्हा विश्वास ठेवायला सांगावं लागलं. संध्याकाळी सह्याद्री अखंड झाला. तो छोटा आकडा मात्र तसाच होता. मी विचारलं, हा शून्य कधी होईल? भाऊ म्हणाले, हा कमी होत नाही. वाढतो का, एवढंच आपण बघत राहायचं.

तेव्हापासून एक रिवाज पडला. महिन्याच्या पहिल्या सोमवारी भाऊ खोलीवर यायचे, मी अहवाल वाचायचे, पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत, ते डोळे मिटून ऐकायचे. शैलाताई शेजारी बसून पुस्तकांवर कव्हरं घालायच्या आणि मध्येच म्हणायच्या, देवळात पोथी लागलीये जणू. दीडदोन वर्षं असं चाललं. मग शैलाताई आजारी पडल्या, आणि पावसाळा संपायच्या आत गेल्या. भाऊ खंगले नाहीत, निदान आम्हाला तसं दिसू दिलं नाही. सकाळी फिरायला जात, स्वतःचा चहा स्वतः करत. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी ते नेहमीच्या वेळेला जिन्यात हजर होते. वर्षश्राद्ध झाल्यावर मी न राहवून विचारलं, भाऊ, आता जरा बरं वाटतं का? ते म्हणाले, “आकडा कमी होत नाही, रेखा. वाढत नाहीये, एवढंच.”

पण त्या रिवाजात एक भर पडली होती. अहवाल संपला की ते म्हणायचे, आता डिस्क नीट वाचते का ते ऐकून बघू, काहीतरी लाव. काहीतरी म्हणजे नेहमी तेच. जुन्या अभ्यासक्रमाचा दहावीचा भूगोल, मृदांचा धडा, वाचन शैलाताईंचं. ते पुस्तक केव्हाच बदललं होतं, कोणत्याही मुलाला त्याचा उपयोग नव्हता. घरी शैलाताईंचे फोटो होते, अल्बमच्या अल्बम होते, पण ते भाऊंच्या काय कामाचे? आवाज तेवढा या डिस्कवर होता, आणि सबंध जगात फक्त या डिस्कवर. मी त्यांना कितीदा म्हटलं की तुम्हाला त्याची सीडी करून देते. ते म्हणायचे, नको, ही तपासणीची फाइल आहे, ती इथेच असलेली बरी. भाऊंसारखा स्पष्ट बोलणारा माणूस एवढं एकच सोंग करत होता आणि आम्ही कोणी ते मोडलं नाही.

आणि मग एका उन्हाळ्यात, भारनियमनाने जीव नकोसा झालेला असताना, मी अहवाल वाचता वाचता अडून राहिलेल्या जागांपाशी आले आणि नेहमीच्या सुरात म्हणाले, आठ. माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. भाऊ खुर्चीत ताठ झाले. “पुन्हा वाच.” पुन्हा आठ. बाकीच्या जणी म्हणाल्या, मागच्या वेळी कोटींचा आकडा होता तरी काही झालं नव्हतं, हे तर आठ. भाऊंनी त्यांना समजावलं, पण त्यांचा आवाज बदलला होता. ओरडणारा आकडा वेगळा, हा वेगळा. डिस्क म्हणतेय, या जागा मला वाचता आल्या नाहीत, अजून मी त्यांचं नाव कापलेलं नाही, पण खूण करून ठेवली आहे. त्यांनी सिस्टिमच्या तक्रारी वाचायला लावल्या. त्याच जुन्या ओळी, आणि या वेळी शेवटच्या कंसात दुसरा शब्द होता. अनकरेक्टेबल. मी तो नीट उच्चारला. दुसरी डिस्क अजूनही पुढच्या वर्षीच्या यादीत होती. दुकानातल्या त्याच गृहस्थांनी ती तासाभरात आणून दिली आणि पैशांचं सवडीने बघू म्हणाले.

अशा वेळी डिस्क आणखी किती तग धरेल हे कोणालाच सांगता येत नाही. प्रत्येक वाचन शेवटचं असू शकतं. म्हणून आधी काय उचलायचं हे ठरवावं लागतं. मृदांचा धडा जुन्या पुस्तकांच्या फोल्डरमध्ये होता, आणि बहुतेक अडलेल्या जागा त्याच भागात असाव्यात असा भाऊंचा अंदाज होता, कारण तक्रारींत आलेले जागांचे क्रमांक डिस्कच्या सुरुवातीचे होते आणि तिथेच आम्ही ती पुस्तकं भरली होती. मी वाकून हळूच म्हटलं, “भाऊ, आधी शैलाताईंचं घेऊ या. बाकीचं आम्ही पुन्हा वाचून काढू.”

“आधी यंदाची पुस्तकं,” ते म्हणाले. “तिला परीक्षा नाहीये.”

मला तेव्हा त्यांचा राग आला होता, खरं सांगते. पण त्यांची बोटं बघितली आणि गप्प बसले. बोटं दोनदा चुकीच्या कळांवर जाऊन परत आली, आणि ओळ तरीही एकही अक्षर न चुकता टाइप झाली.

यंदाची पुस्तकं सुखरूप आली. मग उरलेल्या डिस्कचं काम सुरू झालं. त्यासाठी त्यांच्याकडे संगणकाला द्यायची एक आज्ञा होती, तिची रीत मला फार आवडली. जे सहज मिळतंय ते आधी सगळं घ्यायचं. अडलं तिथे हुज्जत घालायची नाही, जागा लक्षात ठेवून पुढे जायचं. सगळं पदरात पडलं की अडलेल्या जागांकडे परत यायचं, पुढून नाही मिळालं तर मागून यायचं, थोडं थोडं करून विचारत राहायचं. वीज गेली तरी आपण कुठवर आलो होतो ते ती आज्ञा लिहून ठेवते. हे दिवसचे दिवस चालतं. पण खाली गिरणीची मोटर सुरू झाली की वरचे दिवे मंदावायचे, आणि तो झटका आजारी डिस्कला सोसला नसता. आम्ही सांगायच्या आधीच पोपटरावांनी गिरणीचा पट्टा काढून ठेवला होता. ऐन उन्हाळ्यात, वर्षाच्या धान्याची दळणं दारात असताना. लोक डबे घेऊन यायचे, ते हात जोडून परत पाठवायचे. भाऊ काठी टेकत खाली गेले आणि संकोचून काहीतरी बोलायला लागले, तर पोपटरावांनी त्यांना मध्येच थांबवलं.

“भाऊ, दळण काय, उद्या बी व्हईल. ताईंचा आवाज उद्या व्हायचा नाय.”

भाऊ तिथेच पोत्यावर बसले. आपलं सोंग कोणाला कोणाला ठाऊक आहे हे त्यांना बहुधा तेव्हा कळलं असावं.

शेवटी जवळजवळ सगळं आलं. थोड्याच जागा कशाही करून वाचता आल्या नाहीत, आणि भाऊंचा अंदाज बरोबर होता, त्यातल्या बऱ्याचशा मृदांच्या धड्यात होत्या. वाचता न आलेल्या जागी ती आज्ञा शून्य भरते, आणि शून्याचा आवाज म्हणजे शांतता. नव्या डिस्कवरून आम्ही धडा लावला तेव्हा खोलीत भाऊ होते, मी होते आणि दाराशी अंगाला पीठ नसलेले पोपटराव. शैलाताई वाचत होत्या, स्वच्छ, जरा हुकमी. काळी मृदा ओलावा... आणि आवाज गेला. क्षणभरच. मग ‘धरून ठेवते’ असं म्हणत त्या पुढे निघाल्या. मी म्हटलं, भाऊ, मी तेवढे शब्द वाचून मध्ये जोडून देते, कोणाला कळणारही नाही. ते म्हणाले, नको. जिथे वाचता आलं नाही तिथे वाचता आलं नाही असंच राहू दे. मग त्यांनी धडा पुन्हा मागे घ्यायला लावला. ती जागा आली, आणि त्या रिकाम्या क्षणात भाऊ हलकेच म्हणाले, “बराच काळ.”

पुढची वर्षं प्रत्येक पहिल्या सोमवारी ते असंच झालं. अहवाल, मग तपासणीची फाइल, मग ती जागा. भाऊ कधी लवकर बोलले नाहीत की कधी उशिरा. त्या दोघांचं मिळून एक वाक्य पुरं व्हायचं. मी शेजारी बसलेली असायचे आणि मला दर वेळी वाटायचं, एवढं नीट ऐकणारा माणूस मी दुसरा बघितलेला नाही. आजही तसंच वाटतं. आम्हाला डोळे आहेत म्हणून आम्ही ओळीवरून ओळीवर उड्या मारतो. भाऊ प्रत्येक अक्षरावर थांबले, माणसांच्या आणि यंत्रांच्याही.

या महिन्यात पहिला सोमवार आला. जाऊ की नको असं दोनदा मनात येऊन मी गेले. खोली झाडली, भाऊंची खुर्ची होती तिथेच ठेवली, संगणक सुरू केला आणि अहवाल मागवला. ऐकायला कोणी नव्हतं. मनात वाचून चाललं असतं. तरी मी मोठ्याने वाचायला लागले, पहिल्या ओळीपासून, कोलन आणि खालच्या रेघांसकट. मेहनतीचा लांबलचक आकडा वाचला. बदललेल्या जागा, शून्य. अडून राहिलेल्या जागा, शून्य. शेवटच्या ओळीपर्यंत मी एकदाही वगैरे म्हणाले नाही. गिरणी बंद होती, दुपार होती. मग मी तपासणीची फाइल लावली. शैलाताई दख्खनच्या पठारावर आल्या, लाव्हा थंड झाला, त्याची मृदा झाली. ती जागा जवळ येत चालली तसं मला कळलं की मला ते शब्द म्हणता येणार नाहीत. काळी मृदा ओलावा... आवाज गेला.

“बराच काळ,” पोपटराव जिन्यातून म्हणाले, आणि शैलाताई पुढे वाचू लागल्या.